एअर रायफलचे छर्रे स्वस्तात घ्यायचे म्हणजे नक्की काय

आमच्या पोरीचं शूटिंगचं वेड गड्ड्यावर, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत सुरू झालं. होम मैदानावर फुगे फोडायच्या स्टॉलवर तिने ओळीने फुगे फोडले आणि तिथून हलायलाच तयार नाही. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्रॉन्झ मिळालं, कोल्हापूरकडच्या खेड्यातला पोरगा, मध्य रेल्वेत नोकरीला, आणि घरात विषय पक्का झाला. पप्पा मला शिकायचंय. आठवीत होती तेव्हा. क्लबात नाव घातलं, रायफल क्लबचीच वापरायला मिळाली, आणि पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले छर्रे तेवढे तुमचे तुम्ही आणा.

आता मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो. वस्तू घ्यायची म्हणलं की आधी रेट विचारायचा ही सवय हाडात भिनलेली. गेलो एका दुकानात, सगळ्यात स्वस्त डबी कुठली म्हणून विचारलं आणि घेऊन आलो. टोकदार छर्रे निघाले. दहा मीटरवरच्या टार्गेटच्या कार्डावर ते भोक पाडत नाहीत, कागद फाडतात, कडा अशी विसकटते की नऊ गुण धरायचे का दहा तेच कळत नाही. मॅचला लागतात ते चपट्या तोंडाचे, ४.५ मिलीमीटर म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंचाचे, ते पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडतात. हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती डबी अजून तशीच पडून आहे. नवीन माणसाने हे एवढं एक पाठ केलं तरी पहिला खर्च वाचतो.

नंतर माझ्या चुलत भावाने एक व्हिडिओ पाठवला, अमेरिकेत लोक घरी बसून काडतुसं परत भरतात त्याचा. रिकामी पितळी केस म्हणजे काडतुसाचं कवच, ठिणगी देणारा नवीन प्रायमर, मोजून बंदुकीची पावडर, वर बुलेट, आणि हाताने दाबायचा प्रेस. म्हणाला तुम्ही पण असंच करा की, पैसे वाचतील. त्याला फोन करून नीट सांगितलं, आणि इथेही लिहितो कारण हा प्रश्न मला आणखी दोघा पालकांनी विचारलाय. एकतर आपल्याकडे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं हा १९५९ च्या आर्म्स अॅक्टखाली गुन्हा आहे, त्याच्या वाटेला जायचंच नाही. आणि दुसरं म्हणजे एअर रायफलमध्ये पावडरच नसते, केसच नसते, तर भरणार काय? दाबलेली हवा आणि शिशाचा छर्रा, संपलं. ४.५ मिलीमीटरपर्यंतची आणि २० जूल ताकदीच्या आतली एअरगन असली तर २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे लायसन्स लागत नाही, म्हणून तर आमच्यासारख्या घरातल्या पोरांना हा खेळ सुरू करता येतो.

पण "परत वापरा" हा सल्ला वेगळ्या रूपात क्लबातच ऐकायला मिळाला आणि त्याचा मला खरंच राग आला. एका पालकाने सांगितलं की टार्गेटच्या मागच्या पेटीतले छर्रे वेचायचे, त्यातले जरा बरे दिसतील ते धुऊन परत मारायचे. हे करू नका हो. छर्रा आदळला की चपटा होतो, मागचा घेर वाकतो, तो बॅरलमध्ये नीट बसतच नाही, मग कसला नेम आणि कसली प्रॅक्टिस. आणि ते शिसं आहे, लहान पोरं ते उकरत बसणार, तेच हात जेवणाच्या डब्याला लावणार. शिसं पोटात जाणं मुलांसाठी फार वाईट. आमच्याकडे नियम आहे, फायरिंग झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याच्या बाटलीलासुद्धा हात लावायचा नाही, आणि छर्रा तोंडात धरायची सवय दिसली तर तिथल्या तिथे बंद. पेटीतलं शिसं क्लबनेच गोळा करून भंगारात द्यावं, घरी वितळवायच्या भानगडीत कुणी पडू नये.

आता हिशोब. समजा एक डबा हजार रुपयांना आहे आणि त्यात ५०० छर्रे आहेत तर एका फायरला दोन रुपये पडले. मॅच ६० फायरची असते, त्याआधी सायटिंगचे, म्हणजे नेम जुळवायचे वीसेक धरा म्हणजे ८०, एका डब्यात सहा मॅचेस होतात आणि थोडे उरतात. रोज ४० फायर, आठवड्याला पाच दिवस म्हणलं तर डबा अडीच आठवड्यात संपतो. हे कागदावर मांडलं तेव्हा मला कळलं की खर्च डब्याच्या किमतीत कमी आणि पोरगी किती फायर वाया घालवते त्यात जास्त आहे. सरांनी तेच सांगितलं होतं, पण मला आकडे दिसल्याशिवाय पटत नाही. मग ड्राय फायर सुरू केलं. छर्रा न घालता, ड्राय फायरच्या सेटिंगवर, फक्त उभं राहायचं, श्वास, साइट, ट्रिगर, आणि ट्रिगर दाबल्यावर साइट हलली का ते बघायचं. शून्य रुपये. रोज अर्धा तास ती हे करते आणि मग फक्त २५ फायर मारते, पण एकेक मन लावून. डबा जवळजवळ चार आठवडे जातोय.

डबा कुठला घ्यायचा यावर मात्र मी काटकसर करत नाही, आणि हे माझ्या धंद्यामुळे मला पटकन कळलं. आमच्याकडे सूत आलं की लॉट नंबर बघितल्याशिवाय गाडी उतरवून घेत नाहीत. एकाच बीमवर, म्हणजे मागावरच्या सुताच्या रुळावर, दोन लॉटचं सूत गेलं की साध्या डोळ्याला काही दिसत नाही, पण रंगवून आलं की पट्टा उठतो आणि माल रिजेक्ट. छर्ऱ्याचं हुबेहूब तसंच आहे. डब्यावर हेड साइज म्हणजे छर्ऱ्याच्या तोंडाची रुंदी लिहिलेली असते, ४.४९, ४.५० असा, मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक, आणि कोणत्या रायफलला कुठला मानवतो ते ती रायफलच सांगते. सरांनी रायफल वाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत घट्ट बांधली आणि चार प्रकारचे छर्रे दहा दहा मारले. माणसाचा हात मधे नाही तरी एका डब्याचे छर्रे एकाच भोकात आणि दुसऱ्याचे पसरलेले! रायफलच्या कार्डावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलीमीटरचा असतो, तिथे छर्ऱ्यानेच दगा दिला तर पोरीला वाटणार माझंच चुकलं, आणि मग ती नसलेली चूक दुरुस्त करत बसणार. मला हे सगळ्यात वाईट वाटतं. दोन रुपयाचे दीड रुपये झाले म्हणून तिचे सहा महिने चुकीच्या दिशेने गेले तर तो हिशोब कुठल्या वहीत लिहायचा?

म्हणून आम्ही आता पाच जण मिळून मागवतो. क्लबच्या सगळ्या रायफली एकाच कंपनीच्या, तेव्हा एकच प्रकार सगळ्यांना चालतो का ते आधी टेस्ट केलं, मग एकाच लॉटचे दहा डबे एकदम. कुरियरचा खर्च वाटला जातो, एकदम घेतल्याने दुकानदार रेटही थोडा कमी करतो, आणि जवळजवळ दोन महिने लॉट बदलायची काळजी नाही. सुरुवातीच्या प्रॅक्टिसला साधे भारतीय किंवा चिनी मॅच छर्रे चालतात, पण तेही चपट्या तोंडाचे आणि एकाच डब्यातले. भारी जर्मन डबे मॅच जवळ आल्यावर उघडायचे, पण आठ दिवस आधी, म्हणजे हाताला सवय होते.

डबा आला की आधी उघडून बघा. कुरियरमध्ये आपटलेला असेल तर कडेचे छर्रे चेपलेले असतात, ते ट्रेमध्ये पसरून उजेडात वेगळे काढायचे, पोरगी हे काम आवडीने करते. जुने पडलेले डबे कुणी स्वस्तात देत असेल तर छर्ऱ्यावर पांढरी पावडर आलीय का बघा, आली असेल तर फुकट पण नको.

सेकंडहँड रायफलचं थोडक्यात सांगतो. हवेच्या सिलिंडरवर तारीख असते, कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात, मुदत संपत आलेली असली तर नव्या सिलिंडरचे पैसे त्या किमतीतून वजा करूनच बोला. त्यात २०० बार दाबापर्यंत हवा असते, ही खेळायची गोष्ट नाही. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात बंद गाडीत सिलिंडर ठेवून लग्नाला जायचं नाही म्हणजे नाही. शूटिंगचं जॅकेट, ट्राउझर पहिल्या वर्षी नवीन घेऊच नका, पोरं वाढतात. इथे टॉवेल, चादरी शिवणारे एवढे कारागीर आहेत म्हणून मीही टेलरकडून शिवून घ्यायचा विचार केला होता, पण कापडाची जाडी २.५ मिलीमीटरच्या आत लागते, कडकपणासुद्धा मोजतात, मॅचला चेकिंगमध्ये बाद झालं तर काय करणार, म्हणून राहू दिलं. क्लबात मोठ्या मुलांचं लहान झालेलं जॅकेट मिळतं, तेच घेतलं.

आमची पुढची ऑर्डर गड्ड्यानंतर जाणार आहे. सोलापुरातलं कुणी पोराला नव्याने घालणार असेल तर एकट्याने डबा घेऊ नका, आधी क्लबात तुमच्या रायफलला कुठला छर्रा बसतो ते वाइसवर बघून घ्या, आमच्याशी जुळला तर अकरावा डबा तुमचा.