पुदुच्चेरी : निवांत, पायी आणि एकटीने

चेन्नई–महाबलीपुरमच्या सहलीत पुदुच्चेरीला बहुतेकांच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. पिवळ्या भिंतीसमोर फोटो काढायचे, जवळच्या ऑरोविल वसाहतीतल्या मातृमंदिराचा, म्हणजे तिथल्या ध्यानमंदिराचा, सोनेरी गोल लांबून बघायचा आणि परत बसमध्ये बसायचं. माझं म्हणणं, या गावात निदान तीन-चार सकाळी राहा, आणि जमलं तर एकट्यानेच जा. निघताना शेजारच्या काकूंनी विचारलंच होतं, "एकटी जाऊन करणार काय गं तिथे?" तर काकू, चालायचं, बसायचं आणि बघायचं. गावाचा जुना भाग इतका आटोपशीर आहे की त्याला गाडी लागतच नाही.

आधी जाण्याचं. दादरहून चालुक्य एक्सप्रेस थेट पुदुच्चेरीला जाते. आठवड्यातून तीनच दिवस असते, आपल्याला कल्याणहून पकडता येते. दोन रात्री गाडीत जातात, त्यामुळे घाई असेल तर चेन्नईपर्यंत विमान आणि पुढे किनाऱ्याच्या रस्त्याने बस, तीन-साडेतीन तास. दिवाळीच्या सुट्टीत मात्र बेत आखू नका. आपल्याकडचा पाऊस संपतो तेव्हा तिकडचा सुरू होतो, आणि नोव्हेंबरात वादळंही येतात. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

राहायला अरविंद आश्रमाची अतिथिगृहं साधी, स्वच्छ आणि एकट्या बाईला निर्धास्त वाटावं अशी आहेत. दारू-सिगारेट चालत नाही आणि रात्री ठरावीक वेळेला फाटक बंद होतं. समुद्राकडच्या खोल्या लवकर भरतात, म्हणून आधीच विचारून ठेवा.

समुद्रालगतच्या रस्त्यावर संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत वाहनांना बंदी असते. आपण अरबी समुद्राची माणसं, पाण्यात बुडणारा सूर्य बघत वाढलेली. इथे तो पाण्यातून वर येतो. तेव्हा अंधार असतानाच बाहेर पडा. फिरायला आलेले आजोबा, बाकावर डोळे मिटून बसलेल्या बायका आणि किनाऱ्यावरचे काळे दगड हळूहळू दिसू लागतात. हे दगड मुद्दाम टाकलेले आहेत. दक्षिणेला बंदराचे बांध घातल्यावर उत्तरेकडे वाहत येणारी वाळू तिथेच अडली आणि गावापुढचा किनारा झिजत गेला. अलीकडे थोडी वाळू परत आणली आहे, पण इथे पोहायचं मनात आणू नका.

याच रस्त्यावर गांधीजींचा पुतळा आहे. सगळे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मी भोवतालच्या आठ दगडी खांबांपाशी रेंगाळले. एकेक अखंड, कोरीव, खाऱ्या वाऱ्याने धारा बोथट झालेले. हे जिंजीहून आणलेले आहेत. फ्रेंचांनी १७५० मध्ये जिंजी घेतली, त्यानंतर हे खांब इकडे आले. जिंजी म्हणजे शिवाजी महाराजांनी १६७७ च्या दक्षिण मोहिमेत घेतलेला आणि पुढे राजाराम महाराजांनी वर्षानुवर्षं लढवलेला गड. त्याच १६७७ मध्ये इथल्या फ्रेंच वखारीचा प्रमुख फ्रान्स्वा मार्तँ याने महाराजांकडे वकील पाठवून अभय मिळवलं होतं. वखार जेमतेम तीन वर्षांची होती. खांबावर हात ठेवल्यावर हे सगळं एकदम जवळचं वाटलं, आणि मग फ्रेंच गाव बघायची माझी नजरच बदलली.

त्या नजरेने कालव्यापलीकडे जा. कालवा दिसायला काही खास नाही, उन्हाळ्यात वासही येतो. पण पूर्वेला फ्रेंच वस्ती आणि पश्चिमेला तमिळ वस्ती अशी ती सीमा होती, आणि पर्यटक ती सहसा ओलांडत नाहीत. वैश्याळ वीथीतल्या जुन्या तमिळ घरांना रस्त्याकडेला तिण्णै असते, आपल्या वाड्याच्या ओसरीसारखी, वाटसरूने टेकावं म्हणून. एका घरापाशी मी उभी होते, तर पेपर वाचणाऱ्या आजोबांनी काही न बोलता चष्म्याची डबी उचलून जागा करून दिली. लाल फरशी पाठीमागच्या भिंतीपर्यंत गुळगुळीत झाली होती, भर दुपारी गार. भाषेची गरजच पडली नाही. एरवी इंग्रजीवर भागतं. हिंदीचा आग्रह धरू नका, त्यापेक्षा 'वणक्कम' (नमस्कार) आणि 'नन्‍री' (धन्यवाद) शिकून जा.

मणक्कुळ विनायगर हे गणपतीचं मंदिर फ्रेंच वस्तीतच आहे. दुपारी मंदिर बंद असतं, म्हणून सकाळी जा. तिथून अरविंद आश्रम दोन मिनिटांवर. अरविंदांच्या समाधीपाशी फोन बंद, बोलणं बंद. ऑरोविलला मातृमंदिराच्या आत ध्यानाला बसायचं असेल तर आधी नोंदणी करावी लागते, नुसतं बाहेरून बघायला तिथल्या अभ्यागत केंद्रातून पास मिळतो. खाण्याचं सांगायचं तर नेहरू स्ट्रीटवरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये नाश्ता करा. समुद्राजवळच्या महागड्या कॅफेंमध्ये एकदा गेलं तरी पुरे. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. रात्री फ्रेंच वस्तीतल्या आतल्या गल्ल्या फारच सामसूम होतात, एकटीने परतताना समुद्राकडचा रस्ता धरावा.

आणि एक दिवस जिंजीसाठी राखाच. अंतर साधारण सत्तर किलोमीटर. तिंडिवनमला बस बदलून जाता येतं. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा हा एकमेव. पहिल्या बसने निघा, कारण राजगिरीच्या, म्हणजे गडाच्या सर्वांत उंच टेकडीच्या, पायऱ्या दुपारच्या उन्हात चढवत नाहीत आणि वर पाणी मिळत नाही. दोन बाटल्या घ्या, खाऊ पिशवीच्या आत ठेवा. माकडं हातातलं हिसकावून नेतात.