साठाव्या वर्षी

दुपारी डबा खाताना सहकाऱ्याला अमेरिकन बेसबॉल प्रशिक्षक ब्रायन स्निटकरबद्दल सांगत होतो. तो सहज म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं खालीच राहिला? जमलंच नाही म्हणायचं."

ते "खालीच" डोक्यातून जात नाहीये.

स्निटकर कॅचर होता, म्हणजे क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा. 1977 मध्ये अटलांटा ब्रेव्ह्ज या क्लबकडे आला, पण मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, एकही सामना खेळला नाही. 1980 मध्ये क्लबने त्याला खेळाडू म्हणून मोकळं केलं. तेव्हा क्लबची खालच्या संघांची व्यवस्था बेसबॉलचे दिग्गज खेळाडू हँक ॲरन पाहायचे. त्यांनी त्याला कोचिंगमध्ये ठेवून घेतलं. 1982 पासून त्याने मायनर लीगचे, म्हणजे क्लबचे ते खालचे संघ सांभाळले: छोटी गावं, रात्रभर बसचा प्रवास, विशीतली पोरं. मधे मुख्य संघात कोच झाला, तरी पुन्हा खाली पाठवला गेला. 2014 साली, अठ्ठावन्नाव्या वर्षीसुद्धा! तो गेला आणि त्याने काम केलं.

2016 मध्ये, साठाव्या वर्षी, मुख्य संघ त्याच्या हाती आला. 2021 मध्ये त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकली. समोरच्या ह्यूस्टनच्या संघात त्याचाच मुलगा ट्रॉय फलंदाजीचा कोच होता. ॲरन त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. त्यांनी हे बघायला हवं होतं, असं फार वाटतं.

पण 2016 उजाडलंच नसतं, तर त्या बसमधल्या पोरांना शिकवलेलं वाया गेलं असतं का?