सुरवंटासारख्या भुवया

भुवया कोरून घ्यायला बसलं, दोऱ्याचा पहिला झटका बसून डोळ्यांत पाणी आलं, की मला हटकून एक जपानी मुलगी आठवते. हजारेक वर्षांपूर्वीच्या हेइआन काळातल्या गोष्टीतली. ‘त्सुत्सुमी चूनागोन मोनोगातारी’ नावाच्या कथासंग्रहात ती भेटते. तिला नावच नाही. किड्यांची आवड असलेली सरदारकन्या, एवढीच तिची ओळख. वडील दरबारातले मोठे मानकरी.

त्या काळी खानदानी बायका भुवया उपटून टाकत, कपाळावर वर नव्या रंगवत आणि लोखंडाच्या काळ्या द्रावणानं दात काळे करत. ही त्यातलं काहीच करेना. माणसानं नटवेपणा करू नये, म्हणे! केस कानामागे खोचायचे आणि तळहातावर सुरवंट घेऊन बघत बसायचं. शेजारच्या मुलीला फुलपाखरांचं वेड, त्याचं सगळ्यांना कौतुक. हिचं म्हणणं, फुलपाखरू आलं कुठून ते बघा की! दासी किंचाळून पळायच्या, म्हणून तिनं गल्लीतली पोरं हाताशी धरली आणि त्यांना बेडकाची, नाकतोड्याची नावं ठेवली. दासी आपसांत कुजबुजत: हिच्या भुवया म्हणजे केसाळ सुरवंट, आणि पांढरे दात म्हणजे कात टाकलेले!

आईवडिलांनी लोक काय म्हणतील ते सुनावलं. (हे वाक्य कुठल्याही देशात चालतं.) तर ही पडद्याआडून म्हणते, रेशीम अंगावर घेता ना? ते किड्यानं पंख फुटायच्या आधीच केलेलं असतं. यावर काय बोलणार? पैठणी नेसून अळीला ‘ईऽऽ’ करणाऱ्या माझ्याकडेही उत्तर नाही.

तिला सगळे बंडखोर म्हणतात. मला नाही पटत. बंडखोराचं अर्धं लक्ष समोरच्याच्या चेहऱ्याकडे असतं; हिला तेवढी फुरसत कुठे? आणि ती शूरही नाही. एका उमरावानं थट्टा म्हणून हलणारा खोटा साप पाठवला, तेव्हा तिची बोबडी वळली. पण थरथरत, अमिदा बुद्धाचं नाव घेत ती इतरांना बजावते: घाबरू नका, हा मागच्या जन्मीचा आपला आई-बापही असेल! मला ती सगळ्यात जास्त आवडते ती इथे.

तोच उमराव पुढे बाईचा वेष करून तिला चोरून पाहायला येतो. आणि गंमत म्हणजे ती त्याला आवडतेही. किड्यांचं खूळ नसतं तर, असं त्याला वाटतं. कुणीतरी पाहतंय हे कळल्यावर ही आत धावते, पण सुरवंट अस्तनीत भरून घेऊन. त्यानं पाठवलेल्या कवितेला उत्तर देतात तेही दासीच, निव्वळ रीत म्हणून. तो हसत घरी जातो. पुढचं दुसऱ्या भागात, असं सांगून गोष्ट थांबते. दुसरा भाग नाहीच.