अणुभट्टी मोडायची कुणाच्या पैशाने?

तारापूर अणुवीज केंद्राची वीज महावितरण विकत घेतं, तेव्हा त्या दरात युनिटमागे 2 पैसे एका वेगळ्या खात्याचे असतात. भट्टीचं आयुष्य संपलं की ती बंद करून मोडायची आहे, त्याची ही तजवीज. न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआयएल, ही डिकमिशनिंग लेव्ही गोळा करते.

2 पैशांत होतं काय? तारापूरची 3 नंबरची भट्टी 540 मेगावॅटची आहे. ती 80 टक्के क्षमतेने वर्षभर चालली तर साधारण 378 कोटी युनिट वीज तयार होते, म्हणजे वर्षाला साडेसात कोटी रुपये जमा. 40 वर्षांत, व्याज न धरता, 300 कोटी. 1969 पासूनच्या 1 आणि 2 नंबरच्या भट्ट्यांची क्षमता पुढे 210 वरून 160 मेगावॅटवर आणली गेली. तिथे हाच हिशेब भट्टीमागे वर्षाला सव्वादोन कोटींवर येतो.

आता यातली गोम. लेव्ही युनिटवर बसते, त्यामुळे वीज नाही तर जमाही नाही. या दोन्ही जुन्या भट्ट्या 2020 मध्ये रिसर्क्युलेशन पाइप, म्हणजे भट्टीतलं पाणी फिरवत ठेवणारे पाइप, बदलण्यासाठी बंद झाल्या. बंद असलेल्या काळात खात्यात नवी लेव्ही शून्य. मोडण्याचा खर्च मात्र महागाईबरोबर वाढतच असतो.

मोडायचं म्हणजे बुलडोझर लावायचा नसतो. तारापूरच्या 3 नंबरसारख्या जड पाण्याच्या (जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या) भट्टीत आधी सगळं इंधन काढून साठवण तलावात न्यायचं, मग जड पाणी उपसून पिंपांत भरायचं, नळ्या धुऊन काढायच्या. 540 मेगावॅटच्या भट्टीत 392 कूलंट चॅनेल, म्हणजे इंधन ठेवून त्यावरून पाणी खेळवण्याचे मार्ग, असतात आणि प्रत्येकात झिर्कोनियम-निओबियमची प्रेशर ट्यूब. पोलादात तयार झालेल्या किरणोत्सारी कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ, 5.27 वर्षं. 50 वर्षं थांबलं तर तो सुमारे सातशेव्या हिश्शावर येतो आणि माणसाला आत काम करणं सोपं होतं. म्हणून ‘टाळं लावून थांबा’ हा पर्याय आकर्षक वाटतो. पण ट्यूबमधल्या निओबियमपासून तयार होणारा निओबियम-94 सुमारे 20 हजार वर्षांच्या अर्धायुष्याचा आहे. त्याला आपल्या 50 वर्षांचं काय कौतुक! शिवाय थांबण्याची वर्षं फुकट जात नाहीत. पहारा, वायुवीजन, गळतीवर नजर, सगळ्याला पगारी माणसं लागतात आणि तेव्हा वीज विकून पैसा येत नसतो.

हात तोकडे आहेत असं नाही. 220 मेगावॅटच्या भट्ट्यांमधले सगळेच्या सगळे 306 चॅनेल आपल्या लोकांनी काढून नवे बसवले आहेत. अडचण कागदाची आहे. कॅगने 2012 च्या अहवालात लिहिलं की, अणुऊर्जा नियामक मंडळाने डिकमिशनिंगचं सेफ्टी मॅन्युअल काढून 13 वर्षं झाली तरी देशातल्या एकाही अणुवीज केंद्राची डिकमिशनिंग योजना तयार नव्हती, 30 वर्षं चाललेल्यांचीही नाही आणि बंद पडलेल्यांचीही नाही. निधी पुरेसा आहे का, हे ठरवण्यात मंडळाची काही भूमिकाच नव्हती. आणि नियम मोडल्यास जास्तीत जास्त दंड तेव्हा होता 500 रुपये! विनातिकीट प्रवाशाची बरोबरी. राजस्थानातल्या रावतभाट्याची 1 नंबरची भट्टी 2004 पासून बंद आहे, इंधनही काढलेलं आहे, तरी वर्षानुवर्षं ती ‘दीर्घकालीन बंद’ याच रकान्यात राहिली.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने अणुऊर्जेसाठी नवा ‘शांती’ कायदा केला. त्याने 1962 चा अणुऊर्जा कायदा मोडीत काढला आणि 1983 पासून नुसत्या सरकारी आदेशावर चाललेल्या नियामक मंडळाला कायद्याचा आधार दिला. माहिती गोपनीय ठरवण्याचा सरकारचा अधिकार मात्र जुन्या कायद्यात होता तसा नव्यातही आहे. पण जमाखर्च हे काही भट्टीचं गुपित नव्हे, म्हणून माहिती अधिकाराची सुरुवात पैशांपासून करावी.

‘तारापूर सुरक्षित आहे का?’ असं विचारू नका. माहिती अधिकाराच्या कायद्यात कागद मिळतात, मत मिळत नाही. एनपीसीआयएलच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे हे मागा: 31 मार्चअखेर डिकमिशनिंग निधीची केंद्रनिहाय शिल्लक, लेव्हीचा दर ठरवणाऱ्या आदेशाची प्रत, आणि मोडण्याच्या खर्चाचा शेवटचा अंदाज, तो कोणत्या वर्षीच्या किमतींवर काढला यासह. योजना कधी सादर झाली आणि मंजुरीची तारीख काय, हे नियामक मंडळाला विचारायचं. दोन्ही कार्यालयं अणुशक्तीनगरातच आहेत, पण अर्ज वेगळे करा. फी प्रत्येकी 10 रुपये, ऑनलाइन भरता येते. उत्तराची मुदत 30 दिवस.

नकार आला तर बहुधा कलम 8(1)(अ), सुरक्षा, किंवा 8(1)(ड), व्यापारी गुपित, याचा आधार घेतलेला असेल. 8(1)(ड) ला त्रयस्थ पक्षाच्या स्पर्धात्मक स्थितीचं नुकसान दाखवावं लागतं. इतकी वर्षं अणुवीज सरकारी कंपन्यांच्याच हाती होती, तेव्हा जुन्या वर्षांच्या आकड्यांना हे कारण लंगडं पडतं. 30 दिवसांत पहिलं अपील करा आणि त्यात कलम 10 आवर्जून लिहा: खरोखर गोपनीय असलेला मजकूर झाकून बाकीचा कागद द्यावा लागतो.

उत्तर आलं की आधी एकच गोष्ट तपासा: शिल्लक केंद्रनिहाय दिली आहे की सगळ्या केंद्रांची एकत्र. एकत्र आकडा भरभक्कम दिसतो, पण तारापूरच्या दोन जुन्या भट्ट्यांसाठी किती साठलंय ते त्यातून कळत नाही. तसं असेल तर अपिलाची 30 दिवसांची मुदत उत्तर मिळाल्या तारखेपासून मोजायची.