एकोणिसावं पान

मंगळवार, रात्री साडेअकरा.

वहिनींनी आज फाईल परत दिली. जिन्यातच. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात माझ्या कथेची ३४ पानं. "छान आहे हं वन्सं," म्हणाल्या आणि आत गेल्या. कुकर लावला होता.

छान आहे. दुपारपासून हे दोन शब्द मनातून हलत नाहीत. वहिनी वांग्यांनाही छान म्हणतात, शेजारच्या नव्या पडद्यांनाही छानच म्हणतात. वाईट आहे म्हणाल्या असत्या तर लागलं असतं, पण काय लागलं ते तरी कळलं असतं.

वर येऊन पानं चाळली. पान उलटताना वहिनी अंगठा ओला करतात आणि खालचा कोपरा दुमडतात, मग ती पोथी असो की वर्तमानपत्र. पहिल्या १९ पानांचे कोपरे वळलेले आहेत. विसाव्यापासून पुढं झेरॉक्सच्या दुकानातून आणले तसेच, कोरे, ताठ. एकोणिसाव्याच्या पाठीवर पिठाचं एक बोट उमटलंय. म्हणजे भाकरी करताकरता वाचत होत्या, तिथं ठेवलं, आणि परत हातात घेतलंच नाही. पुढची १५ पानं त्यांनी पाहिलेलीच नाहीत.

त्यांच्या चष्म्याला बरं पडावं म्हणून मी टाइप १६ चा केला होता. उजव्या बाजूला तीन बोटं समास सोडला होता, काही लिहावंसं वाटलं तर लिहायला. तो सगळा समास तसाच पांढरा परत आलाय. पेन्सिलीची एक रेघसुद्धा नाही.

चार जणांना दिली होती ही कथा. सरांना पीडीएफ पाठवून पाच आठवडे झाले. दोन निळ्या खुणा आल्या, "बघतो" एवढं आलं, आणि त्यानंतर रोज सकाळी सुविचार येतो. ऑफिसमधल्या मैत्रिणीनं दोन दिवसांत वाचली, रडली, आणि म्हणाली, शेवटी तिच्या मुलाला नोकरी लाव गं, फार वाईट वाटतं. तिच्यावर मी रागावू शकत नाही. तिनं निदान शेवटचं पान पाहिलं.

पुण्याच्या मैत्रिणीनं मात्र लाल अक्षरांत सगळी फाईल भरून पाठवली. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, अवतरणचिन्हं. आणि ११ ठिकाणी 'आलो'चं 'आले', 'जेवलो'चं 'जेवले', 'बसलो'चं 'बसले'. माझ्या कथेतली बाई शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतली, साठीची. ती 'आले' कशी म्हणेल? आमच्याकडच्या बायका 'मी आलो' म्हणतात, 'मी जेवलो' म्हणतात. मी स्वतः इथं 'आले' लिहितेय, पण खाली जाऊन बोलले की 'आलो'च येतं तोंडात. ती मैत्रीण आमच्याच गल्लीत वाढलेली, तिची आई अजूनही तसंच बोलते. तिनंच खोडावं? फोनवर विचारलं तर म्हणाली, अगं, कोल्हापूरच्या बाहेर वाचतील त्यांना छपाईची चूक वाटेल. चार दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

ती म्हणते त्यात तथ्य आहे. पण म्हणून खोडायचं नाही. बाई पहिल्यांदा 'आलो' म्हणते तिथं बाहेरगावाहून आलेली सून जरा चमकून बघते, असं एकच वाक्य घातलं तर वाचणाऱ्याला कळेल की हे असंच आहे. हे सुचलं ते तिच्या लाल अक्षरांमुळंच. तिला अजून सांगितलेलं नाही.

पण वहिनी. ही कथा खरं तर वहिनींसाठीच होती. म्हणजे त्यांच्याकडूनच आलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या माहेरचं घर पाण्यात गेलं, तेव्हा त्यांच्या आई आणि भाऊ आठ दिवस इथं खालीच होते. पंचगंगेला ४३ फुटांवर धोका म्हणतात, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. महामार्ग बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. मी महापूर बघितला तो राजारामपुरीतून, म्हणजे ऐकलाच म्हणायचा. रात्री खालच्या खोलीत त्या मायलेकी बोलायच्या आणि मी जिन्यात बसून ऐकायचे. गणपती २ सप्टेंबरला होते. वहिनींच्या माहेरी शाडूच्या मूर्ती तयार होऊन फळ्यांवर वाळत होत्या. त्या बोलण्यातलं मी किती घेतलं आणि विचारून घेतलं का, ते आज नको.

मी काय जास्तीचं मागितलं होतं? बक्षीस नको होतं, कौतुकही नको होतं. अडीच महिने पहाटे उठून लिहिलेली गोष्ट एका घरच्या माणसानं शेवटपर्यंत वाचावी, एवढंच. जिची गोष्ट आहे तिलाच ती पुढं वाचावीशी वाटत नसेल, तर अंकाच्या संपादकांना तरी का वाटेल? १५ ऑगस्टपर्यंत पाठवायची आहे. संध्याकाळी दिवा न लावता बसून राहिले बराच वेळ. बाहेर पाऊस धरलेला होता. चहासुद्धा केला नाही.

बसल्या बसल्या विद्यापीठातल्या खांडेकरांच्या संग्रहालयाची आठवण झाली. उतारवयात डोळे गेल्यावर ते तोंडानं सांगायचे आणि दुसरं कुणी उतरवून घ्यायचं. तिथं उभी असताना मला वाटलं होतं, केवढे हे हाल. आज वाटलं, त्यांच्या प्रत्येक वाक्याला ते उमटतानाच एक ऐकणारा होता. समोरचं माणूस कुठं चुळबुळलं, लिहिणारा हात कुठं थबकला, हे त्यांना डोळ्यांवाचून कळत असणार. मी मात्र ३४ पानं फाईलमध्ये घालून दिली आणि म्हटलं काय, तर "वाचून कशी वाटली सांगा." कशी वाटली म्हटल्यावर माणूस छानच म्हणणार. घरातलं माणूस तर नक्कीच. मी प्रश्नच असा विचारला होता की त्याला दुसरं उत्तर नव्हतं.

साडेनऊला खाली गेले. वहिनी ओटा पुसत होत्या. फोनवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी उघडी होती. जुलै लागला की त्या झोपण्याआधी रोज बघतात. आज ३१ फूट. इशाऱ्याच्या ३९ ला अजून आठ फूट आहेत, तरी बघतात.

म्हटलं, "वहिनी, कशी आहे ते सांगू नका. एवढंच सांगा, एकोणिसाव्या पानावर का ठेवलीत?"

त्या एकदम ओशाळल्या. वेळच मिळाला नाही, मग पाहुणे आले, असं काहीबाही सांगायला लागल्या. मी नुसती उभी राहिले. मग फडकं पिळत म्हणाल्या,

"ती बाई आठ दिवसांनी घरात येती आणि उंबऱ्यावर बसून रडती. दोन पानं रडती. आमच्या आईला बसाय कुठं सवड होती? गुडघ्याएवढं पाणी असतानाच ती आत शिरली. उतरत्या पाण्यातच गाळ लोटाय लागतोय, वन्सं. पाणी गेल्यावर हात लावलासा तर काय निघत न्हाई, वाळून फरशीला धरतोय. ही बसलीया आणि तिकडं तिचं घर वाळतंय. मला काय ते बघवंना. मी थांबलो तिथंच."

थोडं थांबून म्हणाल्या, "वाईट न्हाई लिवलंय. पर कुणी खराटा घेतला असता तर पुढं वाचली असती."

वर आले आणि पुण्याची फाईल पुन्हा उघडली. त्या दोन पानांवर, लाल शुद्धलेखनाच्या गर्दीत, एक ओळ होती: 'इथं ही एवढी स्वस्थ का?' महिन्यापूर्वी वाचून मी ती सोडून दिली होती. दुःखात माणूस स्वस्थच बसतं, हिला काय कळणार, असं वाटलं होतं. तिनं कधी महापूर बघितला नाही, वहिनींनी तो अंगावर घेतला, आणि दोघी एकाच जागी अडखळल्या. नेमकं काय खटकतंय ते पुण्याहून सांगता आलं नव्हतं, खालून आलं. ओशाळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट दुपारपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. त्या कंटाळल्या नव्हत्या. त्या माझ्या बाईपेक्षा पुढं गेल्या होत्या आणि तिची वाट बघून परत फिरल्या होत्या.

१८ आणि १९ दोन्ही पानं काढून टाकलीत. बाई आता आठव्या दिवशी येत नाही, पाणी उतरायला लागल्याच्या पहाटे येते. अजून पाण्यातून चालते आहे. रडणं आलंच तर कामात येईल, नाहीतर न येवो. उरलेली पानं मी वहिनींना आता हातात देणार नाही, रात्री भांडी झाली की ओट्यापाशी बसून वाचून दाखवणार आहे. विचारलं तर म्हणाल्या, "बघू, उद्या लवकर आवरतो." त्यांचं फडकं कुठं थांबतं ते मी बघेन.

मूर्तींविषयी त्या काही बोलल्या नाहीत. ते सतराव्या पानावर आहे, म्हणजे वाचलंय. मीही विचारलं नाही.

बारा वाजून गेले. नवं दीड पान झालंय. गाळ लोटताना आधी खराटा की आधी खोरं, ते विचारायचं राहिलं. सकाळी दूध घ्यायला खाली जाईन तेव्हा विचारते.