गाईचे पैसे

आज कोथरूडला मित्राकडे ‘रेस्ट्रेपो’ (२०१०) ही डॉक्युमेंटरी पाहिली. अफगाणिस्तानातलं कोरेंगल खोरं, अमेरिकन सैनिकांची तुकडी, निवेदन वगैरे काही नाही. त्यांच्या चौकीला नाव मारल्या गेलेल्या मेडिकचं, म्हणजे जखमींवर उपचार करणाऱ्या सैनिकाचं: रेस्ट्रेपो. पोरं मस्ती करतात, नाचतात, मग गोळीबार. सोबती गेल्याचं कळताच एक जण तिथेच डोंगरावर हमसून रडतो. आणि २०१० मध्ये अमेरिकेनं ते खोरंच सोडलं!

गावकरी फार कमी दिसतात, ही माझी तक्रार. तरी एक प्रसंग भारी आहे: सैनिकांनी गाय मारली, म्हातारे रोख पैसे मागायला आले, तर साहेब म्हणतात गाईच्या वजनाइतका तांदूळ, डाळ, साखर घ्या.

मित्राचे वडील माजी फौजी. इतका वेळ गप्प होते, इथे मात्र उसळले, “अरे, टाका ना पैसे! गाव हातचं घालवताय!”