तुम्ही विचारलंत म्हणून: "ही थेरपी सिद्ध झालीय का?"

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचे आईबाबा बहुधा पहिल्याच भेटीत हे विचारतात. त्यामागे दुसरा प्रश्न असतो: आमचं मूल बोलेल ना? मी स्पीच थेरपिस्ट आहे. त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नाही. पहिल्याचं आहे, पण ते एका 'हो'मध्ये मावत नाही.

म्हणून मी सिक्रेटिनची गोष्ट सांगते. सिक्रेटिन हे पचनसंस्थेतलं संप्रेरक. पोटाच्या तपासणीसाठी ते टोचलेली तीन स्वमग्न मुलं नंतर बोलायला, नजर द्यायला लागली, असं १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं आणि पालक त्या इंजेक्शनच्या मागे लागले. पुढच्याच वर्षी ६० मुलांवर रीतसर चाचणी झाली. काहींना सिक्रेटिन, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलंय ते पालकांनाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यांनाही. दोन्ही गटांतल्या मुलांमध्ये सुधारणा दिसली, आणि सिक्रेटिनवाल्यांची ती काही जास्त नव्हती.

हा निकाल ऐकल्यावरही त्यातल्या ६९ टक्के पालकांना सिक्रेटिनमध्ये रस होताच. मला याचं हसू येत नाही. आईने घरी जे पाहिलं ते खरंच घडलेलं असतं. मुलं महिनोन्‌महिने अडून बसतात आणि मग एकदम पुढे सरकतात. त्या वेळी जे चालू असेल त्याच्या खात्यावर ते जमा होतं. औषधाच्या, पथ्याच्या, आणि हो, माझ्याही.

आणखी एक प्रकार आठवतो. न बोलणाऱ्या मुलाचा हात मोठ्या माणसाने धरायचा आणि मुलाने अक्षरं टाइप करायची. १९९० नंतरच्या काही वर्षांत याचा फार गाजावाजा झाला. मग मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरंच, असं दाखवून पाहिलं. टाइप झालं ते मोठ्यांनी पाहिलेल्या चित्राचं नाव. मुद्दाम फसवाफसवी नव्हती. आपलाच हात बोलतोय हे त्या माणसांना कळलंच नव्हतं.

मलाही कळलं नव्हतं. चार वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे यायचा, साबणाच्या फुग्यांसाठी वेडा. हवं असेल ते चित्राचं कार्ड देऊन मागायचं, असं आम्ही शिकवत होतो; या पद्धतीला 'पेक्स' (PECS) म्हणतात. (कार्डांनी मूल बोलायचं थांबेल ही भीती सोडा. २००६ च्या एका आढाव्यात हातांच्या खुणा, चित्रं अशा साधनांवरच्या काटेकोर अभ्यासांतल्या २७ जणांची उदाहरणं तपासली होती; एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं.) सहा आठवड्यांत तो झटपट कार्ड द्यायला लागला आणि मी अहवालात ऐटीत लिहिलं, 'स्वतःहून मागतो.'

एकदा बाटलीचं झाकण अडकलं. माझे दोन्ही हात त्यात गुंतलेले, आणि हा कार्ड घेऊन समोर नुसता उभा. माझ्या तळहाताची वाट बघत.

पुढच्या वेळी मी मोजलं. हात पुढे केला तर दहापैकी दहा वेळा कार्ड मिळालं. हात मांडीवर ठेवला तर दहापैकी एकदा. तो फुगे मागत नव्हता, माझ्या हाताचं ऐकत होता. या पद्धतीत सुरुवातीला दोन माणसं लागतात ती याचसाठी: मागायचं ते समोरच्याकडे, मागचा न बोलता मुलाचा हात पुढे नेतो आणि हळूहळू मदत काढून घेतो. माणूस कमी म्हणून मी एकटीच दोन्ही करत होते. अभ्यासात तपासलेली पद्धत वेगळी आणि माझ्या खोलीत चाललेली वेगळी. नाव तेवढं सारखं.

तेव्हा 'सिद्ध झालीय का' याचं माझं उत्तर असं: सुरुवात कुठून करायची ते मी अभ्यासांवरून ठरवते. पण अभ्यासातला आकडा पुष्कळ मुलांचा मिळून असतो, तुमच्या एकाचा नाही. म्हणून सहा आठवड्यांनी काय बदललेलं दिसायला हवं ते आधीच वहीत लिहायचं, आणि मोजायचं तुम्ही, मी नाही. आकडा हलला नाही तर बेत बदलायचा. जिथे थेरपी विकणारा 'मोजू नका, श्रद्धा ठेवा' म्हणेल, तिथे पैसे भरू नका.

त्या मुलाचं काम आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, मागे त्याचे बाबा बसले. मध्यंतरी एकदा मी पाठमोरी असताना त्याने माझी ओढणी खेचली आणि कार्ड माझ्या मुठीत कोंबलं. बाबा वहीत रेघ मारायची विसरले. मी आठवण केली.